लीच, बर्नर्ड

लीच, बर्नर्ड : (५ जानेवारी १८८७ – ६ मे १९७९). विख्यात इंग्रज मृत्पात्रकार, चित्रकार व कलाविषयक लेखक. कारखान्यातील श्रमविभागणी टाळून एकाच कलावंताने आपल्या छोट्या कर्मशाळेत माती मळण्यापासून भांडे भाजण्यापर्यंतच्या सर्व क्रिया करावयाच्या, ही विसाव्या शतकातील 'स्टुडिओ-मृत्पात्री'ची परंपरा इंग्लंडमध्ये रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याला दिले जाते. जपानमधील स्थानिक कुंभारकामाच्या अनुभवातून तो या व्यवसायाकडे वळला आणि त्याच अनुभवाच्या आधारे त्याने स्वदेशातील लुप्तप्राय झालेल्या ग्रामीण मृत्पात्रीचा शोध घेतला. पूर्व व पश्चिम यांचा मिलाफ हे त्याच्या कार्याचे सूत्र म्हणून नेहमी सांगितले जाते. तथापि परक्या परंपरेतील अनाम कारागिराचा आदर्श व आधुनिक कलावंताची स्वतंत्र ओळख यांतील ताण त्याच्या जीवनात अखेरपर्यंत कायम राहिला. त्याच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व या दोन्ही बाजू लक्षात घेतल्यावाचून कळत नाही.

बालपण व शिक्षण : लीचचा जन्म हाँगकाँग येथे झाला. जन्मतःच त्याची आई वारली. त्याच्या आईचे आईवडील त्या वेळी जपानमध्ये राहत होते. त्यामुळे आयुष्याची पहिली सुमारे चार वर्षे त्याने त्या देशात काढली. पुढे वडिलांबरोबर तो हाँगकाँग व सिंगापूर येथे राहिला आणि दहाव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. १९०३ मध्ये त्याने लंडनच्या स्लेड कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे हेन्री टाँक्स हा चित्रकार त्याचा शिक्षक होता. वडिलांच्या निधनानंतर त्याला काही काळ एका बँकेत नोकरी करावी लागली. पण त्या कामात त्याचे मन रमले नाही. नोकरी सोडून त्याने लंडन स्कूल ऑफ आर्टमध्ये फ्रँक ब्रँग्विनच्या हाताखाली अम्लरेखनाचे शिक्षण घेतले. तेथेच कोतारो ताकामुरा या जपानी शिल्पकार-कवीशी त्याची मैत्री जुळली. जपानविषयीच्या बालपणीच्या पुसट आठवणी, लाफकादिओ हर्नची पुस्तके आणि हा स्नेह यांमुळे १९०९ मध्ये तो जपानला गेला. जपानी तरुणांना अम्लरेखन शिकवावे व त्यावर उदरनिर्वाह करावा, असा त्याचा बेत होता. मृत्पात्रीशी त्याचा तोवर काहीही संबंध आलेला नव्हता.

राकूचा अनुभव : तोक्योमध्ये लीचचा परिचय 'शिराकाबा' या नियतकालिकाभोवती जमलेल्या तरुण लेखक-कलावंतांशी झाला. पाश्चात्त्य चित्रकारांची नवी चित्रे पाहण्यास ही मंडळी उत्सुक होती, तर लीचला जपानच्या जुन्या कलांची ओढ होती. सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) हा पुढे लोककलेचा तत्त्वचिंतक म्हणून गाजलेला लेखक याच मंडळातील होता.

१९११ मध्ये लीच व त्याचा मित्र केनकिची तोमिमोतो हे एका घरगुती समारंभास गेले असता तेथे पाहुण्यांपुढे कच्ची भाजलेली भांडी, कुंचले व रंग ठेवण्यात आले. प्रत्येकाने एकेका भांड्यावर आपल्या मनाप्रमाणे काही रंगवावयाचे होते. रंगवलेली भांडी शिशाच्या झिलईत बुडवून छोट्या सुवाह्य भट्टीत घालण्यात आली. थोड्याच वेळात ती तापून लाल झाली. मग चिमट्याने ती बाहेर काढून थंड होण्यासाठी ठेवण्यात आली. थंड होताना झिलईला तडे जात असल्याचा बारीक आवाज येत होता आणि तिच्याखालचे चित्र हळूहळू उजळत होते. 'राकू' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती जपानमध्ये चहासमारंभाच्या वाडग्यांसाठी सोळाव्या शतकापासून प्रचलित आहे. तीत भट्टीचे तपमान सु. ७५०° से. ते ९००° से. एवढेच असते आणि फळ तासाभरात हाती येते. चित्रकाराला परिचित असलेली रेषा अग्नीतून जाऊन निराळ्याच गुणांनी युक्त होते, हे लीचने त्या दिवशी प्रथम पाहिले. ही कला शिकावयाची, असा निश्चय त्याने तेथेच केला.

गुरूचा शोध घेताना तो शिगेकिची उरानो या वृद्ध कुंभाराकडे पोहोचला. ओगाता केन्झान (१६६३–१७४३) या थोर मृत्पात्रकारापासून चालत आलेल्या गुरुपरंपरेतील तो सहावा केन्झान होता. मेजी कालखंडातील नव्या व्यापारी उत्पादनामुळे मागे पडलेला हा कारागीर तोक्योच्या उत्तर भागात गरिबीत दिवस काढीत होता. लीचला जपानी भाषा बेताचीच येत असल्यामुळे प्रारंभी तोमिमोतो दुभाष्याचे काम करी. पुढे तोही याच कलेकडे वळला व जपानचा एक श्रेष्ठ मृत्पात्रकार झाला. उरानोच्या कर्मशाळेत तोंडी पाठ फारसे नसत. चाकावर बसावे, गुरूचे हात पाहावेत व पुन्हापुन्हा करावे, हीच शिक्षणपद्धती होती. काही काळानंतर गुरूने लीचला भट्टी बांधून दिली आणि परंपरेतील झिलयांची कृतिपत्रे त्याच्या स्वाधीन करून केन्झान परंपरा चालविण्याचा अधिकार दिला. एका परदेशी चित्रकाराला असा अधिकार मिळणे ही असामान्य गोष्ट होती. अर्थात या परंपरेत चित्रकलेला महत्त्वाचे स्थान होते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. लीचच्या भांड्यांवरील धावते हरिण, पक्षी, मासे, झाडे, डोंगर यांच्या मोजक्या कुंचलारेषांत या शिक्षणाचा प्रभाव शेवटपर्यंत दिसतो.

१९१५ च्या सुमारास लीच चीनला गेला व पीकिंग येथे राहिला. सुंग राजवटीतील (९६०–१२७९) भांड्यांविषयी त्याला जो आदर वाटत असे, तो या वास्तव्यात दृढ झाला. यानागीच्या आग्रहावरून तो १९१६ मध्ये जपानला परतला आणि आबिको येथे यानागीच्या घराच्या आवारात त्याने भट्टी उभारली. १९१९ मध्ये ही कर्मशाळा आगीत जळाली. तीत त्याच्या नोंदी व रेखाटनेही नष्ट झाली. त्याच सुमारास शोजी हामादा (१८९४–१९७८) हा तरुण त्याला भेटला. झिलईच्या रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण हामादाने घेतले होते, तर लीचजवळ चित्रकाराची दृष्टी होती. दोघांच्या मैत्रीने पुढील अर्धशतकातील मृत्पात्रीचा इतिहास घडविला.

इंग्लंडमधील परिस्थिती : इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून स्टॅफर्डशर परगणा मृत्पात्री-उद्योगाचे केंद्र बनला होता. वेजवुडसारख्या कारखान्यांत माती तयार करणारा, साच्यात घालणारा, झिलई चढविणारा व नक्षी काढणारा असे वेगवेगळे कामगार असत. या स्वस्त व एकसारख्या मालापुढे खेड्यापाड्यांतील कुंभारांचा निभाव लागला नाही. धान्याचे रांजण, दुधाची भांडी, पेयांचे सुरया यांची मागणी घटत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक गावभट्ट्या विझल्या. रस्किन व विल्यम मॉरिस यांनी हस्तव्यवसायांच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार केला, तरी कुंभारकामाच्या क्षेत्रात त्याला फारशी मूर्त फळे आली नव्हती.

या ग्रामीण परंपरेतील उत्कृष्ट भांडी 'स्लिपवेअर' प्रकारची होती. स्लिप म्हणजे पाण्यात सायीसारखी दाट कालवलेली माती. तांबूस भांड्यावर पांढऱ्या स्लिपचा लेप देऊन तो खरवडावयाचा किंवा बारीक नळीतून तिची धार सोडून रेघांची नक्षी काढावयाची, अशा दोन रीती होत्या. सतराव्या शतकातील टॉमस टॉफ्टची मोठी तबके या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरणे होत. लीचला या भांड्यांचे महत्त्व प्रथम समजले ते तोक्योमध्ये. चार्ल्स लोमॅक्स याचे जुन्या इंग्रजी भांड्यांवरील १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेले सचित्र पुस्तक जपानमध्ये त्याच्या व तोमिमोतोच्या हाती आले. आपल्याच देशातील कुंभारांच्या कामात, ज्या गुणांसाठी आपण इतक्या दूर आलो तेच गुण आहेत, हे त्या पुस्तकातील चित्रांवरून त्याच्या लक्षात आले. इंग्लंडमध्ये राहून हे त्याला कदाचित दिसलेच नसते. कारण तेथील कलाशाळांत ही भांडी कला म्हणून गणलीच जात नसत.

सेंट आइव्ह्ज येथील कर्मशाळा : १९२० मध्ये लीच हामादाला बरोबर घेऊन इंग्लंडला परतला. कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज या मासेमारीच्या गावी फ्रान्सिस हॉर्न या बाईंनी हस्तव्यवसायांचा एक संघ स्थापन केला होता. त्यांच्या आर्थिक साहाय्याने गावाबाहेर एका ओढ्याकाठी 'लीच पॉटरी' उभी राहिली. तेथे दोघांनी जपानी धर्तीची, उतारावर पायरीपायरीने चढत जाणारी तीन कक्षांची भट्टी बांधली. अशा भट्टीत खालच्या कक्षातील उष्णता वरच्या कक्षात जाते, त्यामुळे इंधनाची बचत होते. पाश्चात्त्य देशांत बांधली गेलेली या प्रकारची ही पहिली भट्टी होय.

परंतु एका ठिकाणची कला दुसऱ्या ठिकाणी नेणे किती कठीण असते, याचा प्रत्यय लवकरच आला. कॉर्नवॉल हा वाऱ्याचा, उघडा प्रदेश असून तेथे झाडी विरळ आहे; स्टोनवेअर म्हणजे दगडासारखी कठीण भांडी भाजण्यास मात्र सु. १,२५०° ते १,३००° से. तपमान लागते व त्यासाठी लाकडाचे ढीग खर्ची पडतात. स्थानिक माती इतकी उष्णता सहन करणारी नव्हती. योग्य माती व झिलईसाठी लागणारे खनिज पदार्थ शोधण्यात बराच काळ गेला. पहिल्या भट्टीची बांधणी सदोष ठरली आणि अनेक भाजण्या वाया गेल्या. अखेर त्सुरुनोसुके मात्सुबायाशी हा क्योतोजवळील उजी येथील जुन्या कुंभार-घराण्यातील तंत्रज्ञ सेंट आइव्ह्जला आला व त्याने १९२३ मध्ये भट्टी नव्याने बांधून दिली. तीच भट्टी पुढे अनेक दशके वापरात राहिली.

याच काळात लीच व हामादा यांनी स्लिपवेअरचे प्रयोग केले. या भांड्यांसाठी कमी उष्णता पुरते, शिवाय हे त्या भूमीचेच तंत्र होते. परंतु ते सांगणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. जुने नमुने व खापऱ्या पाहून आणि स्वतः करून पाहून त्यांना ती हातोटी पुन्हा मिळवावी लागली. १९२३ च्या अखेरीस हामादा जपानला परतला. इंग्लंडमध्ये त्याने कलावंतांना खेड्यात राहून काम करताना पाहिले होते. स्वतः त्याने माशिको या कुंभारांच्या गावी बिऱ्हाड केले आणि तेथील स्थानिक माती व झिलई यांच्याच मर्यादेत काम करण्याचे ठरविले. १९५५ मध्ये जपान सरकारने त्याला परंपरागत कलांच्या जतनाबद्दलचा सर्वोच्च सन्मान दिला.

सेंट आइव्ह्जला लवकरच विद्यार्थी येऊ लागले. मायकेल कार्ड्यू (१९०१–८३), कॅथरिन प्लेडेल-बूव्हरी व नोरा ब्रेडन हे आरंभीच्या विद्यार्थ्यांतील प्रमुख होत. मिळकत मात्र तुटपुंजी होती. लंडनमधील कलादालनांत भांड्यांना उच्च कलाकृतींचा भाव मिळावा, असे मत असलेला विल्यम स्टेट मरी हा लीचचा समकालीन प्रतिस्पर्धी आपल्या भांड्यांना चित्रांप्रमाणे नावे देई व मोठ्या किमती लावी. लीचची भूमिका वेगळी होती : भांडे हे प्रथम वापरासाठी असावे व त्याचे सौंदर्य वापरातून प्रतीत व्हावे. परंतु हाताने घडविलेले भांडे कारखान्यातील भांड्याएवढे स्वस्त विकता येत नाही, ही अडचण त्यालाही सोडविता येत नव्हती.

मिंगेई चळवळ व डार्टिंग्टन : जपानमध्ये १९२५ च्या सुमारास यानागी, हामादा व कान्जिरो कावाई यांनी 'मिंगेई' हा शब्द रूढ केला. 'सामान्य जनांची कारागिरी' असा त्याचा अर्थ. रोजच्या वापरासाठी, अनेक संख्येने, नाव न कोरता, स्थानिक द्रव्यांतून कारागिराने केलेली वस्तूच खऱ्या सौंदर्याने युक्त असते, असे यानागीचे प्रतिपादन होते. कोरियातील साध्या भांड्यांनी त्याला ही दृष्टी दिली होती. १९३६ मध्ये तोक्यो येथे जपानी लोककला-संग्रहालय उघडण्यात आले.

इंग्लंडमध्ये लीचला डेव्हनमधील डार्टिंग्टन हॉल येथील लेनर्ड व डॉरथी एल्महर्स्ट या दांपत्याचा आश्रय लाभला. लेनर्ड एल्महर्स्ट याने १९२१ ते १९२४ या काळात रवींद्रनाथ टागोरांसमवेत शांतिनिकेतनजवळील सुरुल (श्रीनिकेतन) येथे ग्रामपुनर्रचनेचे कार्य केले होते. शेती, हस्तव्यवसाय, शिक्षण व कला यांची एकत्र गुंफण करण्याची डार्टिंग्टनमधील कल्पना या अनुभवाशी निगडित होती. एल्महर्स्ट यांच्या साहाय्यामुळे लीचला १९३४–३५ मध्ये पुन्हा जपानचा प्रवास करता आला. यानागी व हामादा यांच्यासह त्याने निरनिराळ्या प्रांतांतील भट्ट्या पाहिल्या, तेथील कुंभारांबरोबर काम केले आणि कापड, लाकूडकाम, कागद अशा इतर स्थानिक व्यवसायांचीही पाहणी केली.

लीचच्या अनुपस्थितीत त्याचा मुलगा डेव्हिड (१९११–२००५) याने स्टॅफर्डशरमधील तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला. औद्योगिक मृत्पात्रीचे हे शिक्षण लीचच्या विचारांशी विसंगत होते. परंतु कर्मशाळा तगली ती डेव्हिडने आणलेल्या सुधारणांमुळेच. भट्टीसाठी लाकडाऐवजी तेलाचा वापर सुरू झाला, मातीचे मिश्रण शास्त्रीय रीतीने ठरविण्यात आले आणि स्थानिक तरुणांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. पेले, वाडगे, ताटल्या, सुरया व झाकणाची शिजवण्याची भांडी यांचा एक ठरावीक संच स्टोनवेअरमध्ये तयार होऊन यादीबरहुकूम विकला जाऊ लागला. 'स्टँडर्ड वेअर' या नावाने ही भांडी ओळखली जात. लीचने रेखलेले आकार कर्मशाळेतील सर्वजण मिळून घडवीत. हाताने घडविलेले भांडे मध्यमवर्गीय घराच्या जेवणाच्या मेजापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न यशस्वी ठरला. जानेवारी १९४१ मध्ये जर्मन सुरुंगाच्या स्फोटाने कर्मशाळेचे मोठे नुकसान झाले, तरी महायुद्धानंतर हेच काम पुन्हा जोमाने सुरू झाले.

ग्रंथलेखन व प्रवास : लीचचे ए पॉटर्स बुक हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. माती शोधणे, चाकावर भांडे ओढणे, लाकडाच्या राखेपासून झिलई बनविणे, भट्टी बांधणे व ती पेटविणे यांची त्यात प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली माहिती असून सोबत भांड्यांच्या गुणावगुणांची चिकित्साही आहे. चांगल्या भांड्याचे प्रमाण म्हणून त्याने चीनमधील थांग व सुंग काळांतील, कोरियातील व जपानी चहा-परंपरेतील भांडी पुढे ठेवली. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि गुरूपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या कितीतरी देशांतील नवशिक्यांना ते मार्गदर्शक ठरले. ए पॉटर इन जपान (१९६०), केन्झान अँड हिज ट्रॅडिशन (१९६६), हामादा, पॉटर (१९७५) व बियाँड ईस्ट अँड वेस्ट (१९७८) हे आत्मचरित्र ही त्याची इतर उल्लेखनीय पुस्तके होत. यानागीचे निबंध त्याने द अन्‌नोन क्राफ्ट्समन (१९७२) या नावाने इंग्रजीत आणले.

१९५२ मध्ये डार्टिंग्टन येथे मृत्पात्रकार व विणकर यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीनंतर लीच, यानागी व हामादा यांनी अमेरिकेचा दौरा केला. न्यू मेक्सिको राज्यातील सान इल्डेफॉन्सो या गावी त्यांनी मारिया मार्तीनेझ या विख्यात प्वेब्लो कुंभार स्त्रीची भेट घेतली. चाकाचा वापर न करता हाताने भांडे उभारावयाचे, गोट्याने घासून त्याला चकाकी आणावयाची व शेणाच्या धगीत भाजून ते काळे करावयाचे, ही तिची पद्धती झिलई व भट्टी यांत आयुष्य घालविलेल्या या तिघांना सर्वस्वी वेगळी होती.

१९५४ मध्ये लीचने क्यूशू बेटावरील ओंता या डोंगरी खेड्यात काही आठवडे काम केले. तेथे मोजकी कुंभार कुटुंबे राहतात. ओढ्याच्या पाण्याने चालणारी लाकडी मुसळे रात्रंदिवस माती कुटतात आणि सामाईक भट्टीत सर्वांची भांडी आळीपाळीने भाजली जातात. भांड्यावर कोणीही आपले नाव घालीत नाही. लीच येथे केवळ शिकण्यासाठी आला नव्हता. जपानी भांड्यांना सहसा मूठ नसते. मातीची लांब पट्टी ओल्या हाताने ओढून इंग्रजी सुरईला मूठ कशी लावतात, हे त्याने ओंता व अन्य ठिकाणच्या कुंभारांना दाखविले आणि ती रीत तेथे उचलली गेली. अशा रीतीने मध्ययुगीन इंग्लंडमधील सुरईचा एक अवयव जपानी लोककलेचा भाग बनला.

मूल्यमापन : लीचच्या विचारातील मुख्य विसंगती त्याच्या टीकाकारांनी अनेकदा दाखविली आहे. अनाम कारागिराची थोरवी गाणारा लीच स्वतः मात्र जगातील सर्वांत नामांकित मृत्पात्रकार होता. सेंट आइव्ह्ज येथील सर्व भांड्यांवर कर्मशाळेची मुद्रा असे. लीचने स्वतः घडविलेल्या भांड्यांवर त्याखेरीज त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची मुद्रा असे आणि संग्राहक नेमक्या याच दुसऱ्या मुद्रेसाठी अधिक किंमत मोजत. ओंता येथेही त्याच्या भेटीचे परिणाम दुहेरी झाले. गावाची कीर्ती पसरली, मागणी वाढली व कुंभारांना चांगले उत्पन्न मिळू लागले. परंतु त्याबरोबरच ज्या सामूहिक जीवनातून ही कला निर्माण झाली, त्याची घडी विसकटू लागली. ब्रायन मोरन या मानववंशशास्त्रज्ञाने या गावाच्या अभ्यासात ही प्रक्रिया दाखवून दिली आहे. तरीही गावाने नाव न घालण्याची प्रथा व जुनी पद्धती राखली आणि १९९५ मध्ये जपान सरकारने ओंताच्या मृत्पात्रीला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

लीचच्या जपानविषयक ज्ञानाच्या मर्यादाही नंतरच्या अभ्यासकांनी निदर्शनास आणल्या. मृत्पात्रकार व लेखक एडमंड डी वाल याने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की लीचचे जपानी मित्र हे बहुतांशी पाश्चात्त्य साहित्य-कलांत मुरलेले सुशिक्षित होते. त्यांच्या विचारांत रस्किन व मॉरिस यांचाही वाटा होता. म्हणजेच पूर्वेचे म्हणून लीचने जे स्वीकारले, त्यात पश्चिमेचा प्रतिध्वनी काही अंशी मिसळलेला होता. १९६२ मध्ये सानो येथे सापडल्याचे सांगण्यात आलेली पहिल्या केन्झानची भांडी अस्सल असल्याचा निर्वाळा लीचने दिला. बहुसंख्य तज्ञांनी मात्र ती बनावट मानली. त्याच्या रुचीलाही मर्यादा होत्या. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या लूसी री (१९०२–९५) हिची पातळ, नाजूक, शहरी वळणाची भांडी त्याला आरंभी रुचली नाहीत. पुढे दोघांची दृढ मैत्री झाली.

असे असले, तरी त्याचा प्रभाव दूरवर पोहोचला. कार्ड्यूने इंग्लंडमधील विंचकंब येथील बंद पडलेली भट्टी १९२६ मध्ये पुन्हा पेटविली आणि पुढे नायजेरियातील आबुजा (आताचे सुलेजा) येथे मृत्पात्रीचे प्रशिक्षण-केंद्र स्थापन केले. तेथे लादी क्वाली या स्थानिक कुंभार स्त्रीने हाताने घडविण्याची आपली पिढीजात पद्धती व स्टोनवेअरची झिलई यांचा संगम साधला. नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर तिचे चित्र छापले गेले. अमेरिकेत वॉरन मॅकेन्झीने सेंट आइव्ह्ज येथील शिक्षणानंतर मिनेसोटा राज्यात स्वस्त, वापरावयाच्या भांड्यांची परंपरा निर्माण केली.

भारतात या विचारांचा संबंध प्रथम गुरचरण सिंग (१८९८–१९९५) यांच्याद्वारा आला. दिल्लीतील मृत्पात्री-उद्योगात उमेदवारी केल्यानंतर १९१९ च्या सुमारास ते तोक्यो येथे शिक्षणासाठी गेले. तेथे त्यांचा लीच, हामादा, यानागी, तोमिमोतो यांच्याशी परिचय झाला. परत आल्यावर त्यांनी दिल्लीतील पठाण कुंभारांच्या निळ्या झिलईच्या परंपरेचा अभ्यास केला आणि १९५२ मध्ये 'दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी' ही कर्मशाळा सुरू केली. लीचप्रमाणेच त्यांनीही जपानमध्ये मिळविलेली दृष्टी आपल्या प्रदेशातील कारागिरीकडे वळविली. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे शांतिनिकेतनचे स्नातक देवी प्रसाद (१९२१–२०११) यांनी १९४४ ते १९६२ या काळात नई तालीमच्या शिक्षणक्रमात कला व हस्तव्यवसाय यांची सांगड घातली. ते स्वतःही मृत्पात्रकार होते.

तथापि भारतीय समाजाच्या संदर्भात यानागी-लीच यांच्या सिद्धांताला एक वेगळीच कसोटी लागते. महाराष्ट्रातील कुंभार हा बलुतेदारांपैकी एक. मडकी, रांजण, पणत्या, कौले, सुगडाची बोळकी त्याने पिढ्यान्‌पिढ्या पुरविली व गावाने त्याला जातीने ओळखले. कारागीर म्हणून त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्या बाबतीत अनामिकता ही साधनेने मिळविलेली निरहंकारिता नव्हती, तर समाजाने लादलेली स्थिती होती. लीचने चाक स्वेच्छेने पत्करले आणि कधीही सोडण्याचे स्वातंत्र्य त्याला होते. परंपरागत कुंभाराला ती निवड सहसा नसे. अनाम कारागिराच्या गौरवात हा भेद विसरला जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी, ज्या भांड्यांकडे सुशिक्षितांनी केवळ स्वस्त वस्तू म्हणून पाहिले, त्यांत विचार, कौशल्य व सौंदर्य आहे हे लीचने दाखवून दिले, हेही तितकेच खरे. त्यामुळे आव्याजवळ बसलेल्या कारागिराचा कलेच्या इतिहासात समावेश करणे पुढच्या अभ्यासकांना सुकर झाले.

लीचला ब्रिटिश शासनाने 'सीबीई' (१९६२) व 'कंपॅनियन ऑफ ऑनर' (१९७३) हे सन्मान दिले. जपानने १९६६ मध्ये 'पवित्र निधी' या सन्मानाने त्याचा गौरव केला. १९७७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कलाकृतींचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले. दृष्टी गेल्यामुळे अखेरच्या वर्षांत त्याला काम करता येत नव्हते. तरी लेखन त्याने चालू ठेवले. सेंट आइव्ह्ज येथे तो निधन पावला. त्याची पत्नी जॅनेट लीच (१९१८–९७) ही स्वतः समर्थ मृत्पात्रकार होती. तिने कर्मशाळा सांभाळली. २००८ मध्ये ती संग्रहालय व प्रशिक्षण-केंद्र या स्वरूपात पुन्हा उघडण्यात आली. मात्सुबायाशीने बांधलेली भट्टी तेथे जतन करण्यात आली असून शेजारच्या दालनात उमेदवार चाकावर रोजच्या वापराची भांडी घडवितात.